हिरव्या दगडांचा रस्ता

रस्त्याची जात किलोमीटरच्या दगडाच्या डोक्यावरून कळते. डोकं पिवळं असलं की राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असलं की राज्यमार्ग. १९४३ साली नागपुरात देशभरातले मुख्य अभियंते जमले होते, तिथे रस्त्यांची ही उतरंड ठरली आणि त्यानंतर कुठल्या रस्त्याला किती खडी, किती डांबर आणि किती माणसं मिळायची हे त्या उतरंडीवरच ठरत गेलं. माझी बहुतेक नोकरी हिरव्या दगडांच्या सोबतीत गेली. गुहागर-विजापूर, राज्यमार्ग क्रमांक ७८. काही वर्षांपूर्वी त्याला बढती मिळाली, १६६ ई असा राष्ट्रीय महामार्गाचा नंबर पडला आणि दगडांची डोकी पिवळी झाली. मी अजून अठ्ठ्याहत्तरच म्हणतो. आमच्या पाटण तालुक्यात तर लोक तेही म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी हा चिपळूण रोड. चिपळूणकर त्यालाच कराड रोड म्हणतात.

मधल्या तुकड्याला दोन्ही टोकांची नावं अशी चिकटली, तरी खरी टोकं फार लांब आहेत. पश्चिमेला गुहागरचा समुद्र, व्याडेश्वराचं देऊळ, सुपारीच्या बागा. तिथून शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर करत चिपळूण. बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा रस्ता ओलांडला की खेर्डी, पिंपळी, शिरगाव, अलोरे, पोफळी. मग कुंभार्ली घाट. वर हेळवाक, कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ, कराड. कृष्णा ओलांडून ओगलेवाडी, सुर्लीचा छोटा घाट, कडेगाव, विटा, खानापूर, भिवघाट, नागज, जत. आणि जतनंतर राज्याची हद्द संपवून विजापूर. तीनशे किलोमीटरहून जास्त. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, जतला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. रस्त्याच्या नोंदवहीत पावसाचा रकाना नसतो. असता तर या रस्त्याचा निम्मा इतिहास त्यात लिहून झाला असता.

उरलेला निम्मा हेळवाकच्या वळणात आहे.

कोयना महाबळेश्वरला उगवते आणि साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला, सह्याद्रीच्या धारेला लगटून वाहते. हेळवाकला ती एकदम काटकोनात पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला कृष्णेला समोरासमोर भिडते. नकाशा समोर धरला की कळतं: ज्या जागी नदी वळते, तिथून पश्चिमेचा कडा हाकेच्या अंतरावर आहे. कड्याखाली कोकण. म्हणजे देशावरून नदीच्या काठाकाठाने सपाटीवर चालत आलेल्या माणसाला एकच घाट उतरला की थेट वाशिष्ठीच्या खोऱ्यात जाता येतं, आणि वाशिष्ठीच्या खाडीत गलबतं चिपळूणजवळ गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत येत होती. सह्याद्रीला घाटवाटा शेकड्यांनी आहेत. पण घाटाच्या वर नदीची तयार वाट आणि घाटाच्या खाली खाडीची तयार वाट, अशी दोन्हीकडून सोय फार थोड्यांना आहे. हा रस्ता कुणी आखला असं मला कधी वाटलंच नाही. आम्ही अभियंत्यांनी त्यावर फक्त डांबर टाकलं.

कराड तर फारच जुनं. भारहुतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत करहाटकचे लोक आहेत, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं मध्य भारतापर्यंत जाऊन दानाचा दगड कोरून घेण्याइतकी ऐपतदार होती. आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. लेणी खोदायला पैसा लागतो आणि पैसा व्यापारी वाटेवरच असतो. मी लेणी पाहायला गेलो की आधी कातळ बघतो, मग कोरीव काम, आणि मग दारात उभं राहून खाली रस्ता कुठून गेला असेल ते बघतो. नोकरीची सवय.

रस्ता ठळकपणे दिसायला लागतो तो बहमनी आणि आदिलशाही काळात. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ. गुहागर तालुक्यातल्या वेलदूर-अंजनवेलच्या अगदी समोर, खाडीपलीकडे. पंधराव्या शतकात हिंदुस्थान पाहून परत निघालेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन इथूनच जहाजात चढला. घोडे हा तेव्हाचा महत्त्वाचा आयात माल. दख्खनच्या सुलतानांना अरबी-इराणी घोडा हवा असे आणि तो समुद्रानेच यायचा. १५०८ च्या डिसेंबराच्या अखेरीस पोर्तुगीज गव्हर्नर अल्मेडाने दाभोळ जाळलं, तरी बंदर पुन्हा उभं राहिलं. कारण मागे विजापूरसारखी राजधानी होती आणि राजधानीला समुद्र हवा होता. आदिलशाहीची वाट ती हीच: बंदरातून खाडीने वर, घाट चढून, कोयनेच्या काठाने कराड, आणि मग कोरड्या माळावरून पूर्वेला. कराडच्या मशिदीचे दोन उंच मनोरे त्याच अमदानीतले. १६६० च्या सुमारास दाभोळ-चिपळूणचा मुलूख शिवाजी महाराजांच्या हातात गेला तेव्हा विजापूरच्या घशाशी येणारी एक नळीच बंद झाली. गड किती गमावले याचा हिशेब सगळे इतिहास मांडतात. बंदर गेल्याचा हिशेब जकातीच्या वहीत दिसला असेल.

या वाटेवर पहारे किती होते ते बघायचं तर पाटणजवळचा दातेगड चढावा. कातळात तलवारीच्या आकाराची विहीर खोदलेली आहे, वरून पाहिलं की मूठ आणि पातं स्पष्ट दिसतं, आणि उतरून गेलं की आत गार पाणी. पलीकडे मोरगिरीचा गुणवंतगड, घाटमाथ्याच्या रानात जंगली जयगड, खाली चिपळूणला गोवळकोट. एवढे गड एका ओळीत उगाच बांधत नाहीत.

बैलगाडीचा रस्ता इंग्रजी अमदानीत झाला. त्याआधी माल लादणीच्या बैलांवरून जाई. लमाणांचे तांडे, पाठीवर गोण्या, आणि चढ कितीही अवघड असला तरी बैल मोकळा असल्यामुळे चढून जाणारा. गाडीचं तसं नसतं. गाडीला चाकं आहेत आणि उतरताना ती मागून बैलाला ढकलते. म्हणून गाडीरस्त्याचा चढ साधारण वीसास एक ठेवायचा, वळणावर तो आणखी कमी करायचा, जेणेकरून गाडी वळताना बैलाला दम घेता येईल. कुंभार्लीची जुनी वळणं नीट बघितली तर हा हिशेब अजून दिसतो. दरीच्या बाजूला सुक्या दगडांच्या भिंती आहेत. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड असा बसवलाय की पाणी मधून निघून जातं आणि भिंत उभी राहते. आमच्या काळात बांधलेल्या काँक्रीटच्या काही भिंती पाचसहा पावसांत पोट काढून उभ्या राहिल्या. कारण साधं आहे. पाणी बाहेर पडायला ठेवलेली भोकं बुजली की मागची माती पाणी पिऊन फुगते.

त्या गाड्यांतून खाली काय जायचं? कराड-पाटणचा गूळ, शेंगा, हळद, मिरची, धान्य, आणि पलीकडच्या माळावरचा कापूस. वर यायचं मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी आणि गलबतांनी मुंबईहून आलेलं कापड. चिपळूणची पेठ या देवघेवीवर फुगली. गावात १८६४ साली वाचनालय निघालं, आजचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. पेठेत पैसा आणि पेठेपाशी शिकलेली माणसं असल्याशिवाय त्या काळात असं होत नाही. घाटात चढणीला जादा बैलजोडी लावायची, पायथ्याला मुक्काम करायचा आणि पहाटे गाड्या जुपायच्या, हे माझ्या आजीने तिच्या सासऱ्याकडून ऐकलेलं. आजीचं माहेर घाटाखालचं. आमच्या घरी तिला शेवटपर्यंत ‘कोकणातली’ म्हणत आणि माहेरी गेली की तीच ‘घाटावरची’ होई. मीठ घ्यायला आलेल्या गाडीवानाच्या ओळखीतून हे लग्न जमलं होतं. अशी लग्नं या पट्ट्यात घरोघर सापडतील.

मग रेल्वे आली. १८८० च्या दशकात पुण्याहून मिरजेकडे लोहमार्ग गेला, कराडला स्टेशन झालं, आणि माल पश्चिमेला उतरायचा थांबून उत्तरेला जायला लागला. घाटावरची गाड्यांची वर्दळ ओसरली. बंदराला रेल्वे कधी मारते ते कोकणाला वेगळं सांगायला नको. पुढे शंभर वर्षांनी चिपळूणलाही कोकण रेल्वे आली, आणि कराड-चिपळूण लोहमार्गाच्या घोषणा आम्ही अधूनमधून वर्तमानपत्रांत वाचतो. लोहमार्ग काही अजून झालेला नाही. घाटात आजही एसटी आणि ट्रकच.

माझे वडील या रस्त्यावर मैलकुली होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पाटणच्या पश्चिमेचा काही मैलांचा तुकडा त्यांच्याकडे. फावडं, घमेलं, पहार आणि धुमस एवढी हत्यारं. खड्डा पडला की चौकोनी छाटायचा, खडी भरायची, मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचा. पावसाळ्याआधी गटारं काढायची. गटारावर ते फार कडक होते. “पाण्याला वाट दिली तर रस्ता ऱ्हातो, न्हाय दिली तर ते आपली घेतंय,” असं ते नव्या गँगमनला सांगत. पुढे मी पदविका करून शाखा अभियंता झालो, तीन वेगवेगळ्या नेमणुकांत याच रस्त्याचे तुकडे माझ्या ताब्यात आले, आणि पुस्तकात जलनिस्सारण नावाने जे शिकलो होतो ते घरीच ऐकलेलं होतं.

आबांच्या डोळ्यांसमोर हा रस्ता बदलला तो कोयना प्रकल्पाने. हेळवाकच्या त्या वळणाकडे व्यापाऱ्याने पाहिलं तेव्हा त्याला घाट दिसला. अभियंत्याने पाहिलं तेव्हा वीज दिसली. नदी अडवायची, पाणी पूर्वेला जाऊ देण्याऐवजी डोंगरातून बोगद्याने पश्चिमेला न्यायचं आणि कड्याखाली सोडायचं. साडेचारशे मीटरहून जास्त उंचीचा पडाव देशात फार थोड्या ठिकाणी इतका सहज मिळतो. कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीचीच होती, टाटांनीही तिच्यात लक्ष घातलं होतं; प्रत्यक्ष काम स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात सुरू झालं. देशमुखवाडीपाशी १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर झालं आणि १९६२ साली पहिली वीज निघाली. पुढचे टप्पे वाढत गेले, १९६० मेगावॅटपर्यंत. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ च्या मार्चमध्ये जलाशय भरलेला असतानाच त्याच्या तळाशी खालून भोक पाडलं, ते ‘लेक टॅपिंग’ बघायला मोठी मंडळी आली होती आणि आम्ही रस्त्याच्या कडेला चुन्याचे पट्टे मारत होतो.

प्रकल्पाने या रस्त्याला वस्त्या दिल्या. कोयनानगर, पोफळी, अलोरे: तिन्ही ठिकाणी वसाहती, शाळा, दवाखाना, क्लब. ज्या खेड्यांत रॉकेलही जपून जाळत तिथे सायंकाळी सिनेमा दाखवायला लागले. आणि प्रकल्पाने गावं नेलीही. कोयनेचं वरचं खोरं धरणाच्या शिवसागर जलाशयात बुडालं. तिथली माणसं सोलापूर, सांगली, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी वाटली गेली. आजही त्यांच्या जमिनींचे प्रश्न मोर्च्यांतून याच रस्त्यावर येऊन बसतात. पाणी आणि वीज खाली गेली तसे खोऱ्यातले तरुणही मुंबईला गेले. त्यांच्या जाण्याचा रस्ता हाच, पण दिशा व्यापाऱ्यांची उलटी: कराडला येऊन मग पुणे-मुंबई. गणपतीत आणि गावच्या जत्रेला ते परततात. येराडच्या येडोबाच्या यात्रेत रस्त्यावरून चालायला जागा नसते, हे मी बंदोबस्ताच्या बैठकांत बसून पाहिलं आहे.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. मी आठ वर्षांचा होतो. आईने कुडाच्या भिंतीकडून ओढून अंगणात आणलं एवढं लख्ख आठवतं, आणि गोठ्यातली म्हैस हंबरत नव्हती, नुसती उभी होती. साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा तो भूकंप. कोयनानगरात बहुतेक घरं बसली. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, जखमी दोन हजारांच्या पुढे. मुंबईची वीज गेली, तेव्हा राजधानीला कळलं की काहीतरी मोठं झालंय. आबा उजाडायच्या आत फावडं घेऊन पश्चिमेला निघाले. दोन दिवसांनी परत आले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की वरून दगड येत होते आणि खालून गाड्या येत होत्या, म्हणून दगड बाजूला करत राहिलो. मदतीची गाडी, लष्कराची गाडी, प्रेतं नेणारी गाडी, सगळं याच एका वाटेने. धरण टिकलं. नंतर त्याला मागून काँक्रीटचा आधार देऊन जाड केलं. पत्र्याच्या शेडमधले संसार मात्र बरीच वर्षं रस्त्याकडेला होते, आणि ‘भूकंपग्रस्त’ हा दाखला आमच्या तालुक्यात जातीच्या दाखल्याइतकाच जपून ठेवतात.

मोठ्या जलाशयाच्या पाण्याने भूकंप होतात का, यावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी ज्या ठिकाणांकडे बोट दाखवलं त्यांत कोयना पहिल्या रांगेत. इथे अजून धक्के बसतात. चहा पिताना कप वाजला की आम्ही एकमेकांकडे बघतो आणि पुन्हा बोलायला लागतो. याच रस्त्यावर कराडच्या पलीकडे हजारमाचीला केंद्र सरकारची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. खोऱ्यात गोठणे इथे तिच्यासाठी तीन किलोमीटर खोल विंधन केलं, थेट दख्खनच्या काळ्या कातळाखालच्या ग्रॅनाइटपर्यंत. रस्ता बांधताना आम्ही दोन मीटर खोदून कातळ लागला की खूश व्हायचो.

घाटाची नोकरी म्हणजे जून ते सप्टेंबर. जुलैत कुंभार्लीत धुकं असं बसतं की हातातल्या टॉर्चचा उजेड हातापाशीच थांबतो. सोनपात्रा वळणावर ट्रक अडकला की वर हेळवाकपर्यंत आणि खाली पोफळीपर्यंत रांग. दरड येणार हे आधी गटार सांगतं. पाणी गढूळ झालं की वर माती सुटली आहे. वाहतं पाणी एकाएकी थांबलं तर त्याहून वाईट, कुठेतरी ते अडून साठतंय. आता जेसीबी असतो, तासाभरात एक बाजू मोकळी होते. आधी पहारी आणि सुरुंग. एकदा आठ दिवस घाट बंद होता, तेव्हा चिपळूणची मासळी पाटणच्या बाजारात आली नाही आणि पाटणची भाजी चिपळूणला गेली नाही, एवढ्यावरून दोन्ही पेठा अजून एकमेकींना बांधलेल्या आहेत हे कळलं.

२०२१ च्या २२ जुलैला मी निवृत्त होतो. त्या दिवशी घाटाच्या दोन्ही अंगांना एकाच पावसाने हात घातला. खाली चिपळूण पाण्यात गेलं, वाचनालयाची पुस्तकंही भिजली. वर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. चिपळूणच्या पुराला धरणाचं पाणी किती कारण आणि पावसाचं किती, यावर दोन्हीकडे दोन मतं आहेत. मला रस्त्यावाल्याला एवढंच दिसतं की वाशिष्ठी आता तिच्या स्वतःच्या पाण्यावर वाहत नाही. कोयनेचं पाणी वीजघरांतून वर्षभर तिच्यात पडतं. कृष्णेच्या पाण्याचं वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने पश्चिमेला वळवायला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली; धरणाची क्षमता १०५ टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे जी नदी हेळवाकला पूर्वेला वळते, तिचं मोठं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं.

आणि याच रस्त्याने पूर्वेला गेलं की लोक पाण्याची वाट बघत बसलेले भेटतात.

कराड ओलांडलं की ओगलेवाडी. १९१६ साली इथे ओगले बंधूंनी काचकारखाना काढला, औंधच्या पंतप्रतिनिधींचा आश्रय मिळाला, आणि ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर पोहोचला. बैलगाडीच्या आसाखाली रात्री लटकणारा तो. कराडचं रेल्वे स्टेशन गावापासून लांब इथेच आहे. कारखान्याला ते सोयीचं पडलं. विजेने घरोघरचे कंदील माळ्यावर गेले, त्यात कोयनेच्या विजेचा वाटा होता, हे ओगलेवाडीला कुणी मुद्दाम सांगत नसेल. सुर्लीचा घाट चढला की हिरवं संपतं. कडेगावचे मोहरमचे ताबूत इतके उंच की ते निघाले की विजेच्या तारा खाली घ्याव्या लागत. त्यांच्या मिरवणुकीत हिंदूंचा मान ठरलेला आहे.

मग विटा. खानापूर-आटपाडीच्या या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा, म्हणून इथली माणसं सोनं गाळायला बाहेर पडली. गलाईवाले. सराफाच्या दुकानातली माती, भट्टीची राख, जुने दागिने. त्यातून सोनं-चांदी वेगळी काढायची. भारतातल्या कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, गल्लीच्या आतल्या अंगाला विटा-आटपाडीकडचा माणूस भट्टीपाशी बसलेला सापडेल. त्यांची मुलं तामिळ, मल्याळम, बंगाली बोलतात आणि दिवाळीला मोठ्या गाड्या घेऊन गावी येतात. दहा दिवस त्या गाड्या या रस्त्यावर फिरतात, मग गाव पुन्हा म्हाताऱ्यांचं. वर कोयनेचं पोरगं मुंबईच्या गिरणीत गेलं, इथलं भट्टीवर. दोघांनाही घराबाहेर काढलं ते पाण्यानेच, एकाला त्याच्या आधिक्याने आणि दुसऱ्याला अभावाने.

विटा ते जत पट्ट्यातल्या रस्त्यांवर काम करताना जुन्या लोकांशी बोललं की १९७२ निघतंच. त्या दुष्काळात या भागातले कितीतरी रस्ते उपाशी माणसांनी केले. बायका रांगेने बसून खडी फोडायच्या, डोळ्यात कपच्या जाऊ नयेत म्हणून पदर ओढून, माप घ्यायला मुकादम ढीग मोजायचा, दुपारी सुकडी. रोजगार हमी योजनेचा विचार मांडणारे वि. स. पागे याच सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९७७ साली त्या योजनेचा कायदा झाला. त्या खडीवर नंतर आम्ही डांबराचे थर चढवत गेलो. एका तुकड्यात रस्ता रुंद करायला कड खोदली तेव्हा जुन्या थराची खडी निघाली, हाताने फोडलेली. यंत्राच्या खडीसारखी एकसारखी नाही, प्रत्येक खडा निराळा. आमच्यातला एक म्हातारा मजूर खाली बसून ती हातात घेऊन बघत राहिला. त्याच्या आईने त्या कामावर खडी फोडली होती. मी त्याला काही बोललो नाही. रोलर थांबला होता, तो सुरू करायला सांगितलं.

बळीराजा धरणाची गोष्टही इथलीच. विट्याजवळ येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात वाळूच्या पैशांतून आणि श्रमदानातून स्वतःचं छोटं धरण बांधलं, आणि पाणी शेतमजुरांसकट सगळ्यांना वाटायचं ठरवलं. सरकारी धरणाच्या सावलीत वाढलेल्या आमच्यासारख्यांना ते बघायला संकोच वाटे. नंतर टेंभू योजना आली. कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्याने पंपाने वर चढवायचं आणि कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे न्यायचं. घाटात पाणी पाडून वीज करायची आणि इकडे वीज जाळून पाणी चढवायचं, असा हा एकाच रस्त्याच्या दोन अंगांचा व्यवहार. पंपांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने उचलायचा, असं पुढे ठरलं. त्या १९ टक्क्यांवरून दर उन्हाळ्यात वसुलीचा वाद होतो. पण खानापूरच्या माळावर द्राक्षाचे मांडव उभे राहिले हेही खरं.

जत हे डफळ्यांचं संस्थान, आदिलशाहीतल्या जहागिरीतून आलेलं. तालुका प्रचंड, गावं लांब लांब, पूर्वेकडे कानडी बोलणारी. इथेच उमराणी आहे. १६७३ साली शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाला या गावाजवळ कोंडलं, आणि कोंडायचं कसं तर फौजेचं पाण्याचं ठिकाण अडवून. एप्रिलच्या उन्हात खानाची फौज तहानेने टेकीला आली आणि खान विनवण्या करून सुटला. महाराजांना त्याला सोडलेलं आवडलं नाही. पुढच्या वर्षी नेसरीला त्याच खानावर प्रतापराव सहा जणांनिशी तुटून पडले आणि मारले गेले. शाळेत नेसरीचा धडा असतो, उमराणीची विहीर-तळी नसतात. या मुलखात उन्हाळ्यात रस्त्याचं काम काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न तोच असतो: रोलरला आणि खडीवर मारायला पाणी कुठून? टँकर ठरवायला गेलं की गावकरी म्हणायचे, साहेब, प्यायला नाही आणि तुम्ही रस्त्याला पाजताय. त्यांचं बरोबर होतं. आम्ही कामं पावसाळ्याच्या शेवटाला लावायला लागलो.

कृष्णेतून पाणी उचलणाऱ्या म्हैसाळ योजनेचं पाणी जतच्या काही भागात आलं आहे. पूर्वेकडच्या गावांना ते अजून अपुरं. २०२२ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटला तेव्हा तिथल्या काही गावांनी उघड सांगितलं की पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो, आणि तेवढ्यात कर्नाटकाने आपल्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी हद्दीच्या अलीकडे सोडून दाखवलं. मुंबईत त्यावर भाषेची भाषणं झाली. आमच्या खात्यातला तिथला मैलकामगार फोनवर मला म्हणाला, वढ्याला पाणी आलंय, मोरी जुनी आहे, कड तुटेल, कुणाला कळवू? मी त्याला सध्याच्या साहेबांचा नंबर दिला.

हद्दीच्या पलीकडे तिकोटा, आणि मग विजापूर. तिकडच्या दगडांवर अंतर कानडीत लिहिलेलं असतं. गुहागरचं नाव त्यांवर नाही, चिपळूणचंही नाही. मराठी गावांतलं जत तेवढं आहे.